पेठेतल्या तिमजलीचा जिना

सुरुवातीलाच सांगते, भूत, चकवा, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आम्ही जुन्नरजवळच्या डिंगोऱ्याचे, बौद्ध. वडील, म्हणजे आण्णा, झेडपीच्या शाळेत शिक्षक. असल्या गोष्टींना घरात थाराच नव्हता. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं गेली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात आर्किटेक्चरला होते आणि एखाद्या जुन्या इमारतीचे मापांसकट नकाशे काढायचा प्रोजेक्ट मिळाला होता. मी डोळे झाकून जुन्नरच्या पेठेतली ‘तिमजली’ निवडली. तळमजला काळ्या दगडाचा, वरचे दोन विटांचे नि सागवानाचे, रस्त्यावर झुकलेले नक्षीदार सज्जे. राजस्थानातून आलेल्या एका जैन कापडव्यापाऱ्यानं ती बांधली. आसपास सगळी बैठी दुकानं, त्यात ही एकटीच उंच. एसटीनं बाजाराला आलेली माणसं एकमेकांना सांगायची, "तिमजलीखाली थांब."

त्या व्यापाऱ्याचे पणतू किशोरशेठ तेव्हा खाली कापडाचं दुकान चालवत होते. इमारत पाडून काँक्रीटचं कॉम्प्लेक्स उभं करायचं त्यांचं ठरलं होतं. मला म्हणाले, "काढा ताई नकाशा. आठवण तरी ऱ्हाईल. दिवाळी झाली की पाडायचीच हाये."

पहिल्या दिवशी मला नुसती स्केचेस करायची होती. दुपारची वेळ, लख्ख ऊन. पहिल्या मजल्यावरच्या लांबलचक खोलीत कापडाचे गठ्ठे रचलेले. त्यांच्या मागच्या भिंतीत एक कमानीचं दार दिसलं आणि दारातून वर जाणारा अरुंद दगडी जिना. मी चढले. मध्ये वळण, वळणावर दोन मोर कोरलेला कोनाडा, शेजारी छोटी खिडकी आणि खिडकीतून थेट शिवनेरी! मला तर घबाडच मिळालं. तिथंच पायरीवर बसून काढत सुटले. ओल्या चुन्याचा आणि ताज्या लाकडाच्या भुशाचा वास येत होता. वर काहीतरी काम चाललं असेल, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात पागोटं बांधलेला एक माणूस खांद्यावर फळी घेऊन वरून उतरला. म्हणाला, "जरा सरका, बाई." मी गुडघे आखडून घेतले. जाताना फळीचं टोक माझ्या वेणीला घासलं... ते अजून आठवतं. त्यात वेगळं असं काहीच वाटलं नाही. कामगार होता, निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मापं घ्यायला टेप घेऊन गेले, तर दारच नाही. सलग, चुना दिलेली पांढरी भिंत.

मी खाली जाऊन किशोरशेठना स्केच दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "ताई, माझा जन्म ह्याच घरातला. वर जायला मागं लाकडी जिना हाये, तेवढाच."

"मग वर सुतारकाम कुणाचं चाललंय?"

"पाडायच्या घरात सुतार कोण लावंल?"

पण ते माझ्याबरोबर वर आले. गठ्ठे बाजूला केले, भिंतीवर बुक्की मारून पाहिली आणि शेजारच्या कामावरच्या गवंड्याला हाक मारली. त्यानं हातोड्यानं ठोकलं. "शेठ, पोकळ वाजतंय." चार-दोन विटा निघाल्या. त्यानं बॅटरी घेऊन आत डोकं घातलं.

"जिना हाय की, शेठ," आतून आवाज आला.

भोक मोठं करून आम्ही आत शिरलो. तेच वळण. तेच मोर, एकाची मान डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, मी काढली होती तशीच. खिडकी मात्र विटा लावून कधीच बुजवलेली.

मी फोन करून आण्णांना बोलावून घेतलं. ते माझं स्केच हातात धरून एकेक गोष्ट ताडत वर गेले आणि वळणावर पायरीवर बसले.

"सगळं जुळतंय," ते म्हणाले. "एक सोडून. तू पायऱ्यांच्या कडा सरळ काढल्यात. हितं बघ."

मी वाकून पाहिलं. प्रत्येक पायरी मधोमध झिजलेली, पन्हळीसारखी. वर्षानुवर्षं माणसं चढली-उतरली असणार, तेव्हा कुठं दगड असा झिजतो. आणि माझ्या कागदावर कडा कोऱ्या करकरीत... जसं काही बांधकाम नुकतंच आटपत आलं होतं! मला हसू यायला लागलं. भीती नव्हती ती, आनंद होता. मी तिमजली नवी असताना पाहिली होती?

आण्णा एवढंच म्हणाले, "मला न्हाई सांगता येत, पोरी." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

किशोरशेठनी पाडकाम आधी पुढं ढकललं, मग सोडूनच दिलं. भिंत काढून जिना मोकळा केला. दोन हजार सालानंतर वरच्या मजल्यावर लग्नाच्या साड्यांचं दुकान निघालं. एकदा गेले, तर एक नवरी मुलगी आईचा हात धरून त्या पायऱ्या चढत होती. आई मागं वळून मला म्हणाली, "सांभाळून हां, झिजलाय लई."

मी कितीतरी तर्क करून पाहिले. एकही टिकला नाही. कुणाला सुचत असेल तर खरंच सांगा.