नर्सबाईंचं मागचं दार

नर्सबाईंच्या घराला दोन दारं होती आणि पुढच्या दाराचा उपयोग फक्त मतं मागायला येणाऱ्यांना व्हायचा. बाकी सगळी गल्ली मागच्या दारानं आत यायची. ते दार सकाळी दूध यायच्या आधी उघडायचं आणि झोपायच्या वेळी लागायचं. देवळी गावात मी अकरा वर्षं त्यांच्याच घराच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिले, पण दिवसाउजेडी ते दार बंद असलेलं मी पाहिलं नव्हतं. मी रोहणा गावातल्या कडक शिस्तीच्या घरातली; मला आधी धास्तीच वाटायची. "बाई, चोर आला म्हणजे?" असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "येऊ दे ना. चहा पिऊन जाईल बिचारा. नेण्यासारखं काय आहे इथं, माझा गोळ्यांचा डबा?"

तीस वर्षं त्यांनी आजूबाजूच्या खेड्यांत नर्स म्हणून काढली होती आणि दाराची सवय तिथलीच. "ज्या बाईले खरंच काही सांगायचं असते ना मास्तरीण, ते समोरून येत नाई," त्या म्हणायच्या. "मागून येते, पदर तोंडाले लावून. तिले दार लोटा लागलं का ते वापस जाते." रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी बाया येतच राहिल्या. कुणाची पाळी चुकलेली, कुणाच्या सासूची जखम चिघळलेली, कुणाला नुसतं रडायचं असायचं. मी भिंतीपलीकडे वह्या तपासत बसे आणि मला त्यांचा आवाज ऐकू येई: आधी सणसणीत शिव्या, मग स्टोव्हचा आवाज, मग चहा. शिव्या दिल्याशिवाय त्यांना माया करता येत नसे. मलाही पहिल्याच आठवड्यात बसल्या, ताप अंगावर काढला म्हणून.

शकुन-अपशकुनाचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. एकदा मी शाळेत निघाले आणि मांजर आडवी गेली म्हणून जराशी थांबले, तर मागून आवाज आला, "काऊन थांबली वं? ते तिच्या कामाले चालली, तू तुह्या कामाले जाय." तीच मांजर पुढे आमची भुरी झाली. तेव्हा ती ओंजळीत मावेल एवढी होती. अर्थातच मागच्या दारानं आली. दूध नर्सबाईंकडे प्यायची आणि झोपायची माझ्याकडे, नेमकी सहामाहीच्या पेपरांवर. मांजर कुणाची, यावर आमचं रोज भांडण व्हायचं. तिनं उंदीर आणून टाकला की बाईंच्या मते ती माझी असायची आणि शेजाऱ्यांचं दूध सांडलं की तेव्हाही माझीच असायची.

त्यांची आणखी एक गोष्ट मला तेव्हा पटली नव्हती. कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या जाऊन बसायच्या आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलायच्या: "त्याले तरास नाई झाला. एका क्षणात गेला." मी एकदा विचारलं, "बाई, तो माणूस चार दिवस तळमळत होता ना?" त्या म्हणाल्या, "मंग काय सांगू? मागं राह्यलेल्याले जगायचं असते, मास्तरीण. आमच्या नोकरीत हे एक औषध फुकट असते."

मी घर घ्यायचं ठरवलं तेव्हा माहेरी सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. भाऊ म्हणाला, एकट्या बाईमाणसाला घर कशाला लागतं, आम्ही काय मेलो? बेचाळीस वर्षांची झाले तरी मी त्यांच्या लेखी पाहुण्यांच्या खोलीत मावणारी होते. मी रडकुंडीला येऊन ते नर्सबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहेर भावाचं, सासर नवऱ्याचं. आपल्या पदराले किल्ली असन तेच आपलं घर. घे तू. मी बी एकटीनंच बांधलं, पडलं काय?" नव्या लेआउटमधलं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं ते घर बाईंच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. मी घेतलं.

घरभरणीला दूध उतू घालायला मी त्यांनाच उभं केलं. भावजयीनं नाक मुरडलं, तर मुरडो बापडी. सगळे गेल्यावर नर्सबाई त्या कोऱ्या भिंतींकडे पाहत म्हणाल्या, "भुरीले घेऊन जाय. एकटीले नवं घर खायाले उठते." मी म्हटलं, "आणि तुम्ही?" त्यावर त्या उसळल्या, "मले काय धाड भरली? माह्याकडं अख्खी गल्ली येते. तिचे केस झाडू झाडू माहे हात दुखतात." मला ते खरं वाटलं. मला ते खरं वाटायला हवं होतं, हेच खरं. त्या घरात मला कुणीतरी पाहिजे होतं.

आमच्याकडे मांजर न्यायची म्हणजे पोत्यात घालून नेतात, वाट दिसू नये म्हणून. मी पोतं आणलं तर बाईंनी ते भिरकावलं. "पोत्यात घालून नेतात ते मांजर सोडून द्याले. वसवाले नेताना तोंड उघडं ठेवा लागते." मग भुरी बाजाराच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून, सगळा रस्ता बघत, नव्या घरी आली. आणि रस्ता बघून ठेवला होता, म्हणून चौथ्या दिवशी ती परतही गेली.

मांजर माणसाची नसते, घराची असते, असं म्हणतात. तीनदा गेली. तीनही वेळा नर्सबाई पिशवी घेऊन उन्हातान्हात माझ्या दारात आल्या, घामाघूम, तिला शिव्या घालत. तिसऱ्या वेळी त्या बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या आणि भुरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक माहीच आहे. जोपर्यंत माहं दार उघडं, तोपर्यंत तिले हे घर वाटत नाई. उद्यापासून मी मागचं दार लावून राहीन. ते आली का तू येजो आन् गुपचूप उचलून नेजो. मले आवाज देऊ नको. माहा आवाज ऐकला का ते पुन्हा पाय रोवते."

"बाई, तुम्ही दार लावणार?" मी हसले. मला खरंच गंमत वाटली.

"आठ दिवसाचा सवाल आहे," त्या म्हणाल्या. "तुहं घर बसू दे."

गल्लीभर त्यांनी सांगून ठेवलं की मांजरीपायी दार लावलं आहे, कुणी वाईट वाटून घेऊ नका, पुढून या. पुढून कोण येतं? भुरी दोनदा गेली, बंद दारापुढे बसली आणि मी तिला न बोलता उचलून आणलं. एकदा तर आतून बाईंचा दाबलेला खोकला ऐकू आला. मी तोंडाला पदर लावून हसत निघून आले.

त्या गुरुवारी शाळेतून आले तर भुरी पुन्हा गायब. मी पिशवी घेऊन मागच्या बोळीत गेले. ती दाराशी होती, पण नेहमीसारखी बसलेली नव्हती. दाराला नखं मारत होती, ओरडत होती, घसा बसेपर्यंत. आत रेडिओ सुरू होता. म्हणजे बाई घरातच आहेत आणि भुरीचा हा दंगा मुद्दाम सहन करताहेत, असं मला वाटलं. मी तिला उचललं तर तिनं मला मनगटापासून चांगलं कोपरापर्यंत ओरबाडलं. "गप्प बस मेले, बाईंना ऐकू जाईल," असं मी तिच्या कानात म्हणाले आणि तिला कोंबून पिशवीत घातलं. वाटेत मला मनातून आनंदही झाला होता. आठवा दिवस होता. उद्या दार उघडेल, मी पोहे घेऊन जाईन, असं ठरवत मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थना चालू असताना बाईंच्या शेजारच्या ताईंचा फोन आला. दूधवाल्यानं पुढचं दार वाजवून वाजवून माणसं गोळा केली होती. मागचं दार तोडलं. बाई स्वयंपाकघरात, दारापासून दोन हातांवर पडल्या होत्या. ताई रडत एकच म्हणत होत्या, "मी काल दोनदा बोळीतून गेली वं. बंद दार पाहून मले वाटलं, मांजरीपायीच लावलं."

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्तस्राव झाला. मी विचारलं, किती वाजता? ते माझ्या मनगटावरची पट्टी पाहत म्हणाले, "नक्की सांगता येत नाही मॅडम. पण त्रास झाला नसेल. एका क्षणात गेल्या असतील."

ते औषध मला लागू पडलं नाही. ते कशाचं बनतं, हे मला बाईंनीच सांगून ठेवलं होतं.

भुरी त्यानंतर परत गेली नाही. आता ती माझ्या ओट्यावर झोपते, पेपरांवर झोपते, उंबऱ्यावर बसून रस्ता बघते. तिनं घर धरलं. नर्सबाईंना हेच पाहिजे होतं, आणि ते त्यांनी मला करून दिलं. ज्या दारानं त्यांनी अख्ख्या गावाला आत घेतलं, ते त्यांनी दिवसाउजेडी आयुष्यात एकदाच लावलं, आणि तेही माझं घर बसावं म्हणून. आणि मी, अकरा वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलेली, त्या दारापर्यंत जाऊन परत आले. मांजरीला कळलं होतं. ती सांगत होती. मी तिलाच गप्प बसवलं.

भाऊ आला की हल्ली त्याच्या कपाळाला दुसरी आठी पडते. म्हणतो, एकटी राहतेस, मागचं दार तरी लावत जा, चोर येईल. मी म्हणते, येऊ दे, चहा पिऊन जाईल. तो चिडतो. त्याला वाटतं मी थट्टा करते.

मी ते दार लावत नाही. ज्याला हाक मारता येते तो पुढूनही मारील. पण ज्याला आतून हाक मारताच येत नाही, त्याच्यासाठी कुणालातरी सहज आत डोकावता आलं पाहिजे.