यादीतलं नाव

पुण्याच्या एका कंपनीने माझ्या मित्राला फसवलं, आणि कंपनीशी त्याचं बोलणं मीच जुळवून दिलं होतं. कायम नोकरीचा शब्द देऊन त्यांनी त्याच्याकडून सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, लिहून घेतल्या. कुणी कोड तपासायला पाठवला की त्या आपोआप चालायच्या, चाचण्या घ्यायच्या आणि निकालाचा मेल पाठवायच्या. सगळं सुरळीत चालू लागल्यावर त्याला काढून टाकलं.

तरी तो रोज नेर गावातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन बसायचा. निकालाचे मेल ज्यांना जायचे, त्या यादीत त्याचं नाव चुकून राहिलं होतं. फोनवर मेल आला की चष्मा कपाळावर सरकवून तो मला वाचून दाखवायचा, "त्या नव्या पोरीचा कोड पास झाला, भाऊ." घरातली बातमी सांगावी तसा. त्या पोरीला त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

एकदा दोन दिवस मेल आलेच नाहीत. त्याने स्वतःहून कंपनीला फोन लावला. नव्या सर्व्हरवर स्क्रिप्ट नेताना त्या स्क्रिप्टना चालण्याची परवानगी द्यायचीच राहिली होती. ती कशी द्यायची, हे त्याने शांतपणे समजावून सांगितलं.

"फुकटात कायले सांगतलं बे? अडू द्यायचं होतं!" मी ओरडलो.

"पोरायचं काम अडलं असन ना, भाऊ."

स्क्रिप्ट पुन्हा चालल्या. पण तपासताना कुणालातरी यादीतलं त्याचं नाव दिसलं, आणि ते खोडलं गेलं.

आता तो दिवसभर फोनकडे बघत बसतो. ज्याने ते नाव खोडलं, त्याने इथे येऊन या माणसासमोर बसावं आणि का खोडलं ते त्याच्या तोंडावर सांगावं.