ओठातल्या टाचण्या

शिक्षकी पेशा शिकायला मावशी विद्यापीठात दाखल झाली तेव्हा तिचं वय होतं बेचाळीस, आणि वर्गातल्या बाकीच्यांचं त्याच्या निम्मं. पंधरा वर्षं शिवणयंत्र चालवून, मुलीला मार्गी लावून, बाई स्वतःच्या राहिलेल्या शिक्षणाकडे वळली होती. वर्गानं पहिल्याच दिवशी तिला मावशी करून टाकलं.

बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. सरावासाठी शाळेत पाठ घेताना मावशी मुलांना प्रश्न विचारायची आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळी व्हायची. ही शिवणाच्या दुकानातली खोड. गिऱ्हाइकानं "बाही जरा" म्हणावं, तोवर हिचं "आखूड करू ना?" तयार. पहिल्या परीक्षा-पाठात ती यापायीच नापास झाली. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की पुन्हा दिवसभर शिवणयंत्र.

वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं खालच्या एकाला सोबत करायची, अशी तिथली पद्धत. मावशीच्या वाट्याला आली चिमणी. वयानं मुलीएवढी, अंगानं काडी. "आता ही पोर मला शिकवणार," मावशी घरी कुरकुरली.

चिमणी सराव पाठाला शेवटच्या बाकावर बसायची आणि नंतर वही उघडायची.

"मावशी, आज तुम्ही एकवीस प्रश्न विचारलेत. मुलांनी एकाचंच उत्तर दिलं. तेसुद्धा तुम्हाला शिंक आली म्हणून."

"वर्ग गप्प झाला की माझा जीव वरखाली होतो गं."

चिमणीनं उपदेश केला नाही. मावशी सुट्टीच्या दिवशी अजून दुकान उघडायची; तिथं एका दुपारी ती आपला सैल शर्ट आत घ्यायला आली. मावशी ओठात टाचण्या धरून मापं घेत होती. चिमणी घरचं, परीक्षेचं, तुटलेल्या मैत्रीचं बोलत राहिली आणि मावशी नुसती ऐकत राहिली. शेवटची टाचणी लागल्यावर चिमणी म्हणाली, "किती छान ऐकता हो तुम्ही. उद्यापासून प्रश्न विचारला की टाचण्या ओठात."

"पोरांसमोर?"

"खोट्या हो, मावशी. मनातल्या."

परीक्षेच्या दिवशी मावशीनं कागदाची दोनदा घडी घातली, मधोमध कात्रीनं एक भोक पाडलं आणि विचारलं, "उघडल्यावर किती भोकं दिसतील?"

वर्ग चिडीचूप. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. उत्तर मावशीच्या जिभेवर नाचत होतं. तिनं ओठ घट्ट मिटले. मागच्या बाकावर चिमणीनंही मिटले होते.

"एक," कुणीतरी म्हणालं. मावशी गप्प. "नाही, दोन." मावशी गप्पच. मग खिडकीजवळची एक मुलगी, वर्षभर तोंड न उघडलेली, बोटांनी हवेत घड्या घालत म्हणाली, "चार. कारण चार थर होते."

मावशी पास झाली. बाहेर व्हरांड्यात चिमणीनं विचारलं, "कसं वाटलं?"

मावशीला खूप सांगायचं होतं, पण वाक्य जुळेना. चिमणीनं मधे एक शब्द घातला नाही. घंटा झाली, पोरं धावत गेली, व्हरांडा रिकामा झाला, तरी ती तिथंच उभी राहिली.

"आजवर मीच सगळ्यांची वाक्यं पुरी करत आले," अखेर मावशी म्हणाली. "माझ्या वाक्यासाठी थांबलेली तू पहिली."