खटक्यापाशी

कोल्हारच्या पुढं पाटाच्या कडेला एक वस्ती आहे. तिथं आभाळात नुसती वीज लकाकली तरी लोक आधी मनकर्णाबाईंच्या घराकडं बघायचे. त्यांच्या घरातले दिवे गेले, की समजायचं, बाईंनी मेन स्विचचा खटका पाडला. बल्ब जरा लुकलुकला, पाड खटका. पंख्यातून वेगळा आवाज आला, पाड खटका. शेजारच्या काकासाहेबांनी एकदा गमतीनं विचारलं होतं, की वहिनी, तुम्ही वीज मंडळात नोकरी का धरत नाही, पगार तरी मिळेल. बाई हसल्या नाहीत. एवढ्या एका विषयावर त्यांना हसता यायचं नाही.

एरवी बाई भित्र्या मुळीच नव्हत्या. पाचटातून निघालेला साप त्यांनी एकटीनं मारला होता. भाऊबंदांनी बांध कोरायला घेतला तेव्हा कमरेला पदर खोचून त्याच आडव्या उभ्या राहिल्या होत्या. भीती एका विजेची, आणि तिला कारण होतं.

त्यांचे मालक आसाराम विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. त्या दिवशी बाई भाकरी घेऊन शेतात पोचल्या, तेव्हा ते स्टार्टरच्या पेटीवर हात ठेवून पाठमोरे उभे होते. मोटार चालू करत असतील म्हणून त्यांनी हाक मारली. मालकांनी वळून पाहिलं नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली, मग जराशा रागावल्याही, की माणसाला भुकेचीसुद्धा शुद्ध नाही. जवळ जाऊन चेहरा बघेपर्यंत त्यांना काहीच कळलं नव्हतं. नंतर दहाव्याला आलेल्या कुणीतरी सहज बोलून गेलं, की तेव्हाच्या तेव्हा करंट तोडला असता तर माणूस हाती लागला असता. बोलणारा जेवून घरी गेला. बाईंच्या मनातून ते वाक्य काही हललं नाही. विजेला चिकटलेला माणूस ओरडत नाही, पडत नाही, काम करणाऱ्या माणसासारखा नुसता उभा राहतो, हे त्यांना त्या दिवशी समजलं, आणि तेव्हापासून घरातलं कुणी लोखंडाला हात लावून गप्प उभं राहिलेलं त्यांना बघवत नसे.

अशा घरात नव्व्याण्णव साली गोरक्षनं डिश आणली. गोरक्ष हा बाईंचा एकुलता एक मुलगा, दुधाचा टेम्पो चालवायचा. अंगणात जाळीची भली मोठी छत्री उभी राहिली आणि टीव्हीखालच्या फळीवर तिचा चपटा, पत्र्याचा डबा येऊन बसला. चित्र सुरेख दिसायचं. बाईसुद्धा बघायच्या, पण उंबऱ्यात बसून, म्हणजे दारामागचा खटका हाताशी राहावा.

पुढं दोन-तीन महिन्यांनी पडद्यावर इंग्रजीत एक पिवळी पट्टी यायला लागली. डिशवाल्यानं बसवतानाच सांगून ठेवलं होतं, की या डब्यातला प्रोग्राम जुना आहे, नवा वरून, आभाळातूनच येईल. पट्टी आली की रिमोटवरचं बटण दाबून होय म्हणायचं, मग पडद्यावर एक रेघ भरत जाईल. ती पुरी भरेपर्यंत डबा बंद करायचा नाही, नाहीतर डबा कामातून गेला. अडचण एवढीच होती, की छत्रीकडून येणाऱ्या वायरची पिन ढिली झाली होती. ती हातानं दाबून धरली तरच सिग्नल टिकायचा. गोरक्ष सकाळी टेम्पो घेऊन निघताना बायकोला म्हणाला, दुपारी लाईट टिकते, तेवढं उरकून घे, आणि आईला सांग, आज खटक्याला हात लावायचा नाही.

ज्ञानेश्वरीनं सांगितलं. ती बारावी झालेली, बोलायला गोड, आणि सासूला जपणारी होती. बाईंनी मान हलवली. पोरगी भिंत आणि फळी यांच्या सांदीत शिरली, डब्यामागं हात घातला, पिन दाबून धरली आणि दुसऱ्या हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. खाली एक पांढरी रेघ मुंगीच्या पावलानं सरकायला लागली.

बाई सुपात बाजरी घेऊन उंबऱ्यात बसल्या. पाखडणं कसलं, हात आपला हलत होता. डोळे सुनेच्या पाठीवर. पत्र्याचा डबा, त्यावर हात, आणि पाठमोरं माणूस. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, कालवण कशाचं करायचं. ज्ञानेश्वरी म्हणाली, वांग्याचं. बरं वाटलं. मग विचारलं, वासराला पाणी दावलं का. दावलं. दूध विरजलं का. विरजलं. उत्तर आलं म्हणजे माणूस धड आहे, एवढाच त्या प्रश्नांचा अर्थ होता. पोरगी मात्र फळीच्या कडेनं रेघेकडं डोळे लावून होती, तिला त्या चौकशा नकोशा झाल्या असाव्यात.

मग बाईंनी विचारलं, मीठ हाय का गं डब्यात. उत्तर आलं नाही.

पुन्हा विचारलं. ज्ञानेश्वरीची मान एका बाजूला ताठ झाली होती. खांदा वर चढला होता. दातावर दात दाबून आल्यासारखा एक बारीक कण्हण्याचा आवाज आला, आणि हात डब्यावरून सुटला नाही.

सूप कुठं पडलं ते बाईंना कळलं नाही. त्या उठल्या कधी हेसुद्धा कळलं नाही. खटका खाली गेल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. मग घरभर पडलेली बाजरी तुडवत त्या सुनेपाशी पोचल्या आणि तिला दोन्ही हातांनी ओढून त्यांनी अंगणात आणलं.

ज्ञानेश्वरीच्या पायाला मुंगळा डसला होता. एवढंच. हात काढला तर सिग्नल जाईल म्हणून बिचारीनं दात-ओठ खाऊन कळ सोसली होती, आणि मुंगळा काही सोडत नव्हता. अजूनही तो घोट्याला लटकलेला होता. तिनं तो उपटून फेकला आणि मग तिला रडू फुटलं, कारण रेघ आता थोडीच उरली होती. आत जाऊन खटका चढवला तर डब्यावर नुसता लाल दिवा. पडदा काळाच.

"आत्याबाई, काय केलं हो तुमी हे," ती म्हणाली. "मी त्यास्नी काय सांगू आता?"

सून जिवंत होती, रडत होती, त्यांच्यावर चिडलेली होती, आणि बाईंना ते सगळं गोड लागत होतं. डब्याचं वाईट वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं, आणि याची मात्र त्यांना लाज वाटली.

दिवस कलायच्या आत गोरक्ष आला. घरात काय झालं ते त्यानं ऐकून घेतलं. तडक काकासाहेबांकडं जाऊन त्यानं डिशवाल्याला फोन लावला. परत आला तेव्हा चेहरा थोडा निवळला होता. डिशवाला म्हणाला होता, की डब्यावरचं बटण दाबून ठेवून लाईट चालू केली तर कधीकधी काम पहिल्यापासून सुरू होतं. पण याही वेळी मध्ये तुटलं तर डब्याची आशा सोडा.

गोरक्षनं सांदीतली जागा झाडून घेतली, मुंगळे मारले. पुढून बटण आणि टीव्ही तो बघणार होता, मागून पिन धरायला हात बारीक हवा, म्हणजे पुन्हा ज्ञानेश्वरीच. मग तो आईकडं न बघता बायकोला म्हणाला, आईला काकासाहेबांच्या अंगणात बसवून ये, झालं की बोलावू. बाईंना ते पटलं. स्वतःच्या हाताचा त्यांनाच भरवसा नव्हता. त्या चपला शोधायला लागल्या.

ज्ञानेश्वरी जागची हलली नाही. दुपारी ओढताना दंडावर उमटलेले सासूच्या बोटांचे वळ ती मघापासून चोळत होती.

"त्या कुठं जायाच्या न्हाईत," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या खटक्यापाशी हुभ्या असल्या तरच मी आत हात घालीन."

"पुन्यांदा पाडला म्हंजी?"

"पाडला तर पाडला. मला खरंच चिकटलं असतं तर तुमी दुपारी टेम्पोवर हुता. या हुत्या म्हनून मी हाय, असं झालं असतं."

बाप गेला तेव्हा गोरक्ष शाळेत होता. घरात त्या दिवसाबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं, आणि आता बायकोनं त्या दिवसाचं नावही न घेता ते सगळं मांडून ठेवलं होतं. त्यानं आईला नुसता हात केला, की ये.

बाई दारामागं उभ्या राहिल्या. खटक्यावर हात ठेवला. दुपारी भ्यायला निमित्त तरी लागलं होतं, आता लागत नव्हतं. पाठ तीच, डबा तोच, आणि पाडायचा नाही ही जबाबदारी वर. पाडला तर नुकसान, नाही पाडला आणि खरंच काही झालं तर काय, हे मनातसुद्धा पुरं उच्चारवेना. गोरक्षनं डब्यावरचं बटण दाबून ठेवून बोर्डावरची लाईट चालू केली, तशी पडद्यावर रेघ उमटली, आणि हळूहळू पुढं निघाली.

बाईंनी विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात सांदीतून ज्ञानेश्वरीच बोलायला लागली. कुणी काही विचारलं नव्हतं. माहेरच्या विहिरीला पाणी किती आलंय, चुलत बहिणीचं लग्न कुठं जमतंय, वांगी कशी किडकी निघाली, मुंगळा कसला मोठा होता. मध्ये दम घ्यायला सुद्धा थांबत नव्हती. गोरक्षनं एकदा वैतागून मागं पाहिलं, मग ते बोलणं आईसाठी आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो पुन्हा पडद्याकडं वळला. पंखा मध्येच घरघरला. बाईंच्या बोटांत जोर आला. "हा पंखा म्हातारा झाला, आत्याबाई," आतून आवाज आला, "आन् मी बरी हाय." बाईंनी हात तसाच धरून ठेवला.

अखेर पडद्यावर उजेड आला. कुणीतरी बातम्या सांगत होतं. गोरक्ष हसला, बाहेर जाऊन त्यानं काकासाहेबांना हाक मारून सांगितलं, की झालं एकदाचं. ज्ञानेश्वरी सांदीतून निघाली, आखडलेला हात झटकत दारामागं आली.

बाई तशाच उभ्या होत्या. झालं म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं, हात काढायलाही त्या बघत होत्या, पण बोटं उघडत नव्हती. त्यांनी सुनेकडं पाहिलं. ज्ञानेश्वरीनं मग एकेक बोट धरून खटक्यावरून सोडवायला घेतलं, आणि शेवटचं सुटेपर्यंत ती बोलायची थांबली नाही.