पाच छर्रे आणि माझी बायको

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते छर्रे निवडायचं. शनिवारची दुपार, टोकरखाड्यातला आमचा ओटा, तिच्या मांडीवर स्टीलचं ताट.

मी चौथी शिकलेला माणूस. कारखान्यात लेथवर जन्म गेला. म्हातारपणी एअर रायफलचं वेड लागलं. पण दहा मीटरवर पाच छर्रे मारले की पाच दिशांना! आमलीतल्या ज्या दुकानातून रायफल घेतली, तिथं जाऊन मी गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला चोर म्हणालो. नळी खराब दिलीस म्हणालो.

बायको म्हणाली, "आधी नळी तपासली का? की नुसतं तोंड चालवून आलात?"

नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या छर्ऱ्याला गरगर फिरवतात, म्हणून तो सरळ जातो. पीळ कमीजास्त असला की संपलं. मी सळईला तेलाची चिंधी घट्ट गुंडाळून नळीत घातली. तिनं सळईवर आपली टिकली चिकटवली. मी ढकलतोय, सळई आपसूक फिरतेय. दोन वितींवर टिकली पुन्हा वर आली, म्हणजे एक फेरा पुरा. सळई कुठं अडकली नाही, कुठं सैल पडली नाही.

"नळी चांगलीये. छर्रे कुठं ठेवता?"

"खिशात." लेथवरची सवय, नटबोल्ट खिशात.

"किल्ल्यांबरोबर? अहो, शिसं आहे ते, चेपणार नाही तर काय!"

"तुला काय कळतं गं बंदुकीतलं?"

"बंदुकीतलं नाही कळत. निवडण्यातलं कळतं."

छर्ऱ्याची मागची बाजू पोकळ, कड घागऱ्यासारखी. ती चेपली की छर्रा हवेत डुलतो. तिनं ताट तिरकं करून एकेक सोडला. चांगले सगळे एकाच वळणानं घरंगळले, चेपलेले भलतीकडेच. चांगले तिनं कापूस घालून डबीत ठेवले.

"उद्या मारून बघा. माझं खरं निघालं तर दुकानात जाऊन माफी मागायची."

"बघू."

रविवारी ती उठलीच नाही.

दोन महिने डबीला हात लावला नाही. परवा दुपारी काढली. पहिला छर्रा बरोबर मध्यात! दुसरा मारला, तर कागदावर नवं भोकच नाही. वाटलं, चुकला. तिसरा, चौथा, पाचवा, तेच. पळत गेलो, या गुडघ्यांनी! पाचही एकाच भोकात, कड जराशी फाटलेली. "अगं, ये, बघ!" असा ओरडलो की शेजारीण भिंतीवरून डोकावली. "काय झालं काका?" तिलाच कागद दाखवला. पुन्हा पाच मारले, पुन्हा तेच! डबी रिकामी होईस्तोवर मारत राहिलो. हसत होतो, नाक गळत होतं.

काल सकाळी आमलीत गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदार मान वर करेना. मी बाकावर बसून राहिलो. दोघं-तिघं आल्यावर उठलो, कागद काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "शेठ, तू चोर नाहीस. नळी चांगली आहे. चूक माझी होती, माझ्या बायकोनं पकडली. माफ कर."