टिटवीसाठी छत्री

मामांच्या तोंडात देव ‘नाही’ हा शब्द घालायलाच विसरला होता. मामांचं मोटर-वाइंडिंगचं दुकान. उन्हाळा लागला की गल्लीतले सगळे पंखे जणू ठरवून जळायचे. कोणी विचारलं, “मामा, आज मिळेल का?” की तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता, मान वर न करता, मामा म्हणायचे, “होईल, संध्याकाळी या.” संध्याकाळी माणूस दारात हजर. “वार्निश ओलं आहे हो जरा.” हे वार्निश गेली वीस वर्षं ओलंच होतं. मामी म्हणायच्या, “भीड भिकेची बहीण. आणि ती बहीण आमच्याकडे कायमची राहायला आलीय.”

मामांना शौक एकच. दुकानाच्या मागे छोटं अंगण होतं. त्यात बांधकामातून उरलेली खडी, गंजलेले कूलरचे सांगाडे आणि पाखरांसाठी पाण्याचं एक पसरट पातेलं. मामा तिथले फोटो काढायचे आणि रोज सकाळी गल्लीच्या ग्रुपवर टाकायचे. पाणी पिणारी खार. तारेवर ओळीत बसलेले वेडे राघू. कधी गल्लीच्या टोकाची टेकडी, उन्हाने पिवळी पडलेली. त्यावर उत्तर एकच यायचं, मेडिकलवाल्याचा अंगठा. मामा तेवढ्यावर खूश. मामी म्हणायच्या, “त्याचं काय कौतुक? गल्लीतले मास्तर गेल्याची बातमी आली, तिलाही त्याने अंगठाच दाखवला होता.”

त्या उन्हाळ्यात टिटवीने खडीत चार अंडी घातली. घरटं नाही, काडी नाही, चादर-उशी काही नाही. खड्यांत आणखी चार ठिपकेदार खडे. ऊन तापलं की ती पातेल्यात पोट भिजवून यायची आणि अंड्यांवर सावली धरून उभी राहायची. नर भिंतीवर पहारा द्यायचा. मामा दारातून बघत बसायचे, वेढे चुकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

एका सकाळी ती पाण्यावर गेलेली असताना मामांनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. ‘यात चार अंडी आहेत. शोधा.’

गल्ली पेटली. “डावीकडचा गोल!” “अहो, तो बटाटा आहे.” “अंगणात बटाटा कशाला येईल?” शेवटी ग्रुपवर गॅलरीवाल्या काकूंचा आवाजी निरोप आला. दिवसभर गॅलरीत उभ्या राहून गल्ली चालवायच्या म्हणून त्या गॅलरीवाल्या. त्यांचं बोलणं ‘हे बघा’ने सुरू व्हायचं आणि ‘उगाच आपलं’वर थांबायचं. “हे बघा मामा, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मला मुंगीसुद्धा दिसते. यात अंडंबिंडं काही नाहीये. खडी आहे. उगाच आपलं!”

मामांना ते लागलं. त्यांनी फोटोवर बोटाने चार लाल गोल काढले. ग्रुपवर एकच गलका. “अय्या!” “कुठे हे?” मामांची छाती फुगली. त्यांनी लिहिलं, ‘आमच्याच अंगणात. या बघायला.’

“‘या’ कशाला लिहिलंत?” मामी म्हणाल्या.

“म्हणायची पद्धत असते. एवढ्या उन्हाचं कोण येतंय?”

हात दाखवून अवलक्षण ते हेच. टळटळीत दुपारी निम्मी गल्ली मागच्या दारात. टिटवी उडाली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, टिटिवटिव, टिटिवटिव!

“स्वागत करतेय बघा!” काकू म्हणाल्या.

ती शिव्या घालतेय, हे मामांना कळत होतं. ते म्हणाले, “जरा... लांबून...” पण ते इतकं हळू की फक्त मामींना ऐकू गेलं.

“अगं बाई, उन्हात भाजतील की गं ही!” काकूंनी आपली फुलाफुलांची छत्री उघडली आणि विटांचा टेकू देऊन अंड्यांवर घट्ट बसवली. मेडिकलवाल्याने शेजारी वाटी ठेवली. “ग्लुकोज घातलंय, मामा. थकली असेल.” मग सगळ्यांनी छत्रीसोबत फोटो काढले, सगळ्यांनी ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी एकमेकांना अंगठे दिले आणि सगळे गेले.

गेल्या नाहीत त्या काकू. त्यांनी दुकानातलं स्टूल मागवलं आणि भिंतीच्या सावलीत बसल्या. “हे बघा मामा, ती अंड्यांवर येऊन बसेपर्यंत मी हलणार नाही. जिवाचा प्रश्न आहे.”

आणि काकू हलेपर्यंत टिटवी येणार नव्हती.

मामांचा जीव टांगणीला लागला. टिटवी म्हणे समुद्र आटवते, पण काकू काही आटत नव्हत्या. ऊन कलायला लागलं तशी छत्रीची सावली सरकत सरकत कूलरच्या सांगाड्यावर गेली. चारही अंडी उघडी पडली. भिंतीवर टिटवी चोच वासून उभी होती.

“काकू, ती छत्री जरा...”

“घट्ट आहे हो. वाऱ्याने पडायची नाही, काळजी करू नका.”

“आत चहा टाकलाय.”

“इथेच आणा.”

मामांनी शेवटचा बाण काढला. “काकू, तुमचा पंखा झालाय. चला, दाखवतो.” पंखा टेबलावर पोट उघडं टाकून पडला होता.

“राहू दे हो मामा. आज पंख्याचं काय घेऊन बसलात? आज हिचं महत्त्वाचं.” काकूंच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

दाराआड मामी दात-ओठ खात म्हणाल्या, “मी सांगते त्यांना. सरळ उठा म्हणते.”

“नको गं. किती प्रेमाने बसल्यात. वाईट वाटेल त्यांना.”

“आणि तिला?”

मामांनी चहाचा कप उचलला आणि काकूंना नेऊन दिला.

दिवेलागणीला काकू कंबर धरत उठल्या. मामांनी धावत जाऊन छत्री काढली. थोड्या वेळाने टिटवी उतरली, चोचीने अंडी फिरवली आणि बसली. मामांना वाटलं, निभावलं.

रोज सकाळी ग्रुपवर एकच प्रश्न, “पिल्लं आली का?” रोज मामा बसलेल्या टिटवीचा फोटो टाकायचे, रोज अंगठ्यांची रास पडायची. एवढे अंगठे मामांना जन्मात मिळाले नव्हते. ती मात्र बसलीच होती. पिल्लं यायचे दिवस येऊन गेले, तरी पोट भिजवून यायची, अंडी फिरवायची, बसायची. मग एका सकाळी ती नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या. पंखा खरोखरच झाला होता. मामांनी तो लावून दाखवला, घडी केलेली छत्री काउंटरवर ठेवली.

“हे बघा मामा, दोन दिवस फोटो नाही तुमचा. उडाली ना पिल्लं?”

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी नजर फिरवली नाही. पंखा गरगरत होता.

“हो,” मामा म्हणाले. “उडाली.”

“चारही?”

“चारही.”

काकूंनी दुकानाच्या पायरीवरूनच ग्रुपला आवाज पाठवला. “आपल्या गल्लीने चार जीव वाचवले! सगळ्यांच्या मदतीने. नाहीतर लोक नुसते फोटो काढतात, उगाच आपलं!” पहिला अंगठा मेडिकलवाल्याचा.

मामा मागच्या दारात जाऊन उभे राहिले. खडी तापली होती. चार अंडी जिथल्या तिथे होती. लाल गोलांशिवाय ती कोणालाच दिसली नसती, मामा सोडून.