फुगवलेल्या फायलींवरची सही

...आणि वर साहेब तिलाच म्हणतात, "बाई, कॉम्प्युटरवर जागा करून दिली, तर आभार मानायचे सोडून डोळे कसले वटारता?" काल गोष्ट इथेच थांबवली होती. थांबवावीच लागली, पुढचं ऐकून कुणाला घास गोड लागला नसता.

ही बाई म्हणजे कात्री. खरं नाव पगारपत्रकावर. अंध मुलांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या त्या संस्थेत सगळे तिला कात्रीच म्हणत. एकोणीस वर्षं एकच काम. वाचणाऱ्याचा खोकला काप, पानांची सळसळ काप, आवंढा काप. श्वास मात्र राहू दे. "श्वास कापला की माणूस मुडद्यासारखा वाचतो," म्हणायची. सगळं जुळलं की थोडा आवाज गाळून त्याची आटोपशीर एमपीथ्री फाईल करायची आणि पोरांच्या फोनवर धाडायची.

आता या कापाकापीच्या प्रोजेक्ट फायलीत आवाज नसतोच मुळी. कुठे कापलं, कुठे जोडलं, एवढ्या खुणा. खरा आवाज शेजारच्या भल्यामोठ्या फोल्डरात. साहेबांनी पाहिलं, दोन्हींची नावं सारखी. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती कशाला? छोटी ठेवली, मोठी पुसली. एकदोन नाही, बारा पुस्तकांची! हजेरीपट कपाटात जपून ठेवला आणि वर्गातली पोरं दिली हाकलून, त्यातली गत.

त्यातच मूळ रेकॉर्डिंग तपासायला वरून माणूस येणार होता. साहेबांची अक्कल लगेच धावली.

"एमपीथ्री आहेत ना? त्यांच्याच परत मोठ्या फायली करा. आकार भरला की झालं. कागदावर 'मूळ रेकॉर्डिंग' लिहून सही ठोका."

"साहेब, एमपीथ्री करताना गेलेला आवाज परत येत नाही. फाईल नुसती फुगते."

"फुगू दे की! तो काय कान लावून बसणार आहे?"

"तो नाही बसणार. पोरं बसतात!"

घरी आली ती धुमसतच. नवरा म्हणाला, "अगं, एक सही. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय? मूळ शाबूत आहे असं मीच लिहून दिलं, तर ती पुस्तकं पुन्हा वाचून घेणार कोण? पुढची प्रत्येक प्रत त्यातूनच निघणार, जन्मभर पोरांच्या कानात ते फुगवलेलं जाणार!"

"आणि नोकरी गेली म्हणजे?"

"गेली तर जाऊ दे. खोटं लिहून टिकवलेली नोकरी काय चाटायचीय?"

नवऱ्याने ताट पुढे ओढलं. एकोणीस वर्षांत तोही काही शिकला होता.

बाराही पुस्तकं वाचली होती एका निवृत्त मास्तरांनी. सकाळी तिने त्यांना फोन लावला.

"मास्तर, घसा कसा आहे?"

"खणखणीत! गुडघे तेवढे विचारू नकोस."

"गुडघ्यांनी थोडंच वाचायचंय!"

ऑफिसात साहेब कागद घेऊन तयारच. "लिहा लवकर, माणूस खाली आलाय." तिने पेन घेतलं, आणि सहीच्या जागीच एका दमात लिहिलं:

"ही मूळ रेकॉर्डिंग नाहीत. मूळ बारा पुस्तकं साहेबांनी स्वतः पुसली. फायली फुगवून देणार नाही. वाचणारे मास्तर तयार आहेत, मीही तयार आहे. सोमवारपासून स्टुडिओ मोकळा करून द्यावा, आणि तोवर साहेबांनी कॉम्प्युटरला हात लावू नये."